दुकान टाकताय? आधी फळी तपासा

दुकान टाकायचे ठरले की आपल्या घरांत पहिली चर्चा होते ती नावाची. दुसरी, उद्घाटनाला कोणाला बोलवायचे याची. माल कुठून आणायचा हेही कोणीतरी विचारतो. परंतु तो माल ज्याच्यावर मांडायचा ते रॅक, ती फळी, तो काउंटर कशाचा करायचा, हा प्रश्न मिस्त्रीवर सोडून सगळे मोकळे होतात. आम्ही पेशाने कारकून. संध्याकाळी वस्तीतल्या बंधू-भगिनींचे कर्जाचे अर्ज भरून देतो. त्यामुळे या 'मिस्त्री म्हणेल ते' धोरणाचा हिशेब शेवटी आमच्याच टेबलावर येतो.

मुकुंदवाडी भागातील एका मायलेकांचे उदाहरण सांगतो. मुद्रा योजना २०१५ साली सुरू झाली. तिच्यातील 'शिशु' गटात ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळते. तेवढेच कर्ज त्यांनी घेतले आणि दहा बाय दहाच्या भाड्याच्या गाळ्यात वह्या-पुस्तके व जनरल स्टोअर्स टाकले. पन्नासपैकी ३२ हजार फर्निचरलाच गेले. भिंतीला ठोकलेल्या फळ्या, चकचकीत सनमायका, पुढे काचेचा काउंटर. दुकान शोभून दिसत होते, यात शंका नाही. पण मालाला उरले १८ हजार. निम्म्या फळ्या रिकाम्या. मुलगा बिस्किटांची रिकामी खोकी मांडून जागा भरायचा.

मग पावसाळा आला. शटरखालून पाणी आत आले आणि खालची फळी भिजलेल्या टोस्टसारखी फुगली. त्या ताई आम्हाला म्हणाल्या, "भाऊ, लाकूड म्हणून पैसे मोजले, अन् हा तर भुस्सा निघाला!" अकरा महिन्यांचा करार संपला, मालकाने भाडे वाढवून मागितले, ते परवडेना. गाळा सोडताना भिंतीवरून फळ्या काढायला गेले तर स्क्रूसकट कोपरे तुटून हातात आले. भंगारवाल्यानेसुद्धा ते घेतले नाही. यात आमचीही चूक होती. कोटेशनवर नुसते 'फर्निचर' लिहिले होते. कशाचे, किती जाडीचे, हे न विचारता आम्ही ते अर्जाला जोडून दिले.

उलट उदाहरण पाहायचे असेल तर १४ जानेवारीला आपल्या विद्यापीठाच्या गेटवर जावे. १९९४ साली नामविस्तार झाला, तेव्हापासून या दिवशी तिथे लोक लोटतात आणि पुस्तकांची, फोटोंची, मूर्तींची दुकाने लागतात. घडीची टेबले, लोखंडी पाइप, वर ताडपत्री, फोटो टांगायला तारेची जाळी आणि आकडे. जड मूर्ती खाली, हलके फोटो वर. यातले कितीतरी विक्रेते ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर हेच सामान लावतात. त्यांच्या दुकानाला भिंत नसते, म्हणून भिंतीला ठोकलेले काही नसते. भाड्याच्या गाळ्यात बसणाऱ्या आपल्या माणसाने हेच डोक्यात ठेवायला हवे होते. गाळा दुसऱ्याचा असेल तर फर्निचर उचलून नेता येईल असे पाहिजे.

आता एकेक वस्तू पाहू. वर ज्याला भुस्सा म्हटले ते पार्टिकल बोर्ड. लाकडाचा चुरा गोंदात कालवून, दाबून केलेला तक्ता. एमडीएफ त्याच जातीचे, फक्त चुरा अगदी बारीक धाग्याचा, त्यामुळे अंग गुळगुळीत. दोन्ही कोरड्या जागी, हलक्या मालाला चालतात. पाणी लागले की फुगतात आणि एकदा फुगले की पूर्ववत होत नाहीत. पार्टिकल बोर्डच्या कडेला मारलेला स्क्रू एकदा निघाला की त्याच भोकात परत धरत नाही. सनमायकाने वरचे अंग झाकले जाते, कडा उघडी राहिली तर पाणी तिथूनच शिरते.

प्लायवूड म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्यांचे थर, एकाचे रेषे उभे तर दुसऱ्याचे आडवे. म्हणून ते सहज चिरत नाही, स्क्रूही पकडते. साधे प्लाय घ्यायचे तर त्यावर आयएसआयची खूण आणि ३०३ हा क्रमांक पाहावा. पाण्यात टिकणारे, ज्याला मरीन म्हणतात, त्याचा क्रमांक ७१०. सगळे दुकान मरीनचे करायची गरज नाही. फरशी पुसताना रोज पाणी लागते ती तळाची फळी तेवढी चांगली घ्यावी, किंवा रॅकच चार इंच पायांवर उचलावे. भिंतीपासून दोन इंच अंतरही सोडावे. वाळवी भिंतीतून येते आणि ती वह्या आधी खाते की फळी, हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

आमचे स्पष्ट मत असे की आपल्या लोकांनी आधी लोखंडाकडे पाहावे. आपल्या किती घरांतली माणसे वाळूजला, चिकलठाण्याला पत्र्याच्या कामात आहेत! वेल्डिंग, प्रेस, पावडर कोटिंग यातले ज्ञान आपल्या घरात आहे आणि दुकान टाकताना मात्र आपण त्यालाच विचारत नाही. पावडर कोटिंगच्या लाईनीवर काम करणारा भाचा सांगेल की पत्रा आधी नीट धुऊन त्यावर फॉस्फेटचा थर दिला नसेल तर रंग वरून कितीही सुंदर दिसो, आतून गंज धरतो आणि पापुद्रा सुटतो.

पत्र्याचा गेज ओळखायला शिकावे. आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. २० गेज म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर, २२ गेज म्हणजे ०.७. बोटाने फरक कळत नाही, काट्यावर कळतो. तीन फूट बाय एक फूट सपाट पत्रा २० गेजचा असेल तर जवळजवळ दोन किलो भरतो, २२ चा दीड किलो. फळीला दुमड असते, तिचे वजन वेगळे. २० गेजचे पैसे घेऊन २२ दिला आहे का, हे किराणा दुकानाच्या काट्यावरसुद्धा पकडता येते.

भोकांच्या अँगलची, नट-बोल्टने जोडायची रॅक आपण सर्वांनी पाहिली आहेत. हा अँगल लंडनमध्ये डेमेट्रियस कोमिनो या गृहस्थाने काढला आणि १९४७ च्या सुमारास तो 'डेक्सियन' या नावाने बाजारात आला. हा माणूस छापखाना चालवत असे. छापखान्यात जागा बदलली की लाकडी मांडण्या मोडाव्या लागत, लाकूड वाया जाई. त्या नुकसानीतून त्याला ही कल्पना सुचली. मोठ्या मॉलमध्ये जाल तेव्हा कधी मालाऐवजी रॅककडेही बघा. उभ्या खांबांना ओळीने खाचा असतात आणि फळी पाहिजे तेवढी वर-खाली करता येते. कोट्यवधींचा धंदा करणारे आपली फळी हलती ठेवतात आणि आपण कर्ज काढून ती भिंतीत ठोकतो.

आता फळी वाकण्याचे गणित. घरात शाळेची फूटपट्टी असेल तर करून पाहा. दोन पुस्तकांवर ठेवून मधोमध बोटाने दाबा, मग पुस्तके जवळ घेऊन तेवढाच दाब द्या. अंतर दुप्पट झाले तर तेवढ्याच वजनाने वाक आठपट होतो. जाडी दुप्पट केली तर तो आठव्या हिश्शावर येतो. म्हणून सहा फुटांची एकसंध फळी टाकून 'दुकान मोठे दिसते' म्हणण्यात अर्थ नाही. तीन फुटांवर आधार घ्यावा. कागद किती जड असतो याचाही अंदाज लोकांना नसतो. ए-फोर कागदाचे ५०० पानांचे एक रिम सुमारे २ किलो ३०० ग्रॅम. तीन फुटांच्या फळीवर चार रांगा, प्रत्येक रांगेत पाच, अशी २० रिमे ठेवली की ४७ किलोच्या आसपास गेले. चिप्सच्या पुड्यांना मात्र फळीच नको, तारेची जाळी आणि आकडे पुरतात.

काचेबद्दल बायाबापड्यांनी विशेष लक्ष द्यावे, कारण दुकानात आपलीच लेकरे काउंटरवर चढतात. साधी काच फुटली की सुरीसारखे तुकडे होतात. टफन्ड काच फुटली तर तिचे बारीक, बोथट दाणे होतात. ती महाग पडते आणि भट्टीतून निघाल्यावर तिला कापता किंवा भोक पाडता येत नाही, म्हणून माप आधीच बरोबर द्यावे लागते. परवडत नसेल तर वरची एकच काच टफन्ड घ्यावी आणि पुढची बाजू पत्र्याची करावी. अॅक्रेलिक काचेसारखे सहज फुटत नाही, हलकेही असते, पण त्यावर ओरखडे लवकर पडतात.

राहिला पैशाचा भाग. आम्ही बीकॉम, तेव्हा हे सांगितल्याशिवाय सोडणार नाही. समजा फर्निचरमधले दहा हजार वाचवून मालात घातले, तो माल महिन्यात एकदा विकला गेला आणि शेकडा दहा सुटले, तर महिना हजार रुपये. फळीत घातलेले दहा हजार पहिल्या दिवसापासून झिजतात. आयकराच्या हिशेबातही फर्निचरची घसारा वर्षाला दहा टक्के धरतात. लोखंड निदान वजनावर विकले जाते.

त्या मायलेकांनी पुढे दुसरा गाळा घेतला. या वेळी कोटेशन आम्ही तीनदा परत पाठवले. गेज, जाडी, बोल्टची संख्या, सगळे लिहून घेतले. जुना काउंटर तेवढा ठेवला, त्याची वरची काच बदलली. नवी रॅक मुलाने आणि त्याच्या मामाने रविवारी दुपारी स्वतःच उभी केली. मामा वाळूजच्या कंपनीत फिटर आहेत. उरलेले नट-बोल्ट ताईंनी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरून गल्ल्याशेजारी ठेवले आहेत. गेल्या दिवाळीत तोही गाळा बदलावा लागला, तेव्हा छोट्या हत्तीच्या दोन फेऱ्यांत सगळे दुकान हलले आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या आत शटर उघडले.