साधा मोबाइल फोन आणि स्मार्टफोन

साधा मोबाइल फोन (फीचर फोन; बोलीभाषेत बटणांचा मोबाइल) हा प्रामुख्याने संभाषण व लघुसंदेश यांसाठी बनवलेला भ्रमणध्वनी संच होय. स्मार्टफोन हा त्याउलट दूरध्वनीची सोय असलेला खिशातला संगणक आहे. दोहोंतील फरक सहसा सुविधांची यादी देऊन सांगितला जातो. दैनंदिन वापरात मात्र तो वेगळ्याच ठिकाणी जाणवतो.

पार्श्वभूमी

भारतातील पहिले मोबाइल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू व केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्यात झाले. सुरुवातीला येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. खर्च टाळण्यासाठी 'मिस्ड कॉल' देऊन निरोप पोहोचवण्याची रीत याच काळात रूढ झाली. २००३ साली आलेल्या नोकिया ११०० या संचाची जगभरात २५ कोटींहून अधिक विक्री झाली. धूळ आत जाऊ न देणारी बटणे आणि माथ्यावरील टॉर्च ही त्याची वैशिष्ट्ये होती. भारनियमनाच्या काळात महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात या टॉर्चचे महत्त्व फोनहून कमी नव्हते. आयफोन २००७ मध्ये, तर अँड्रॉइड प्रणालीवरील पहिला फोन २००८ मध्ये बाजारात आला.

बॅटरी

नोकिया ११०० ची बॅटरी अवघी ८५० मिलिॲम्पिअर-तास क्षमतेची होती, तरी तो एका चार्जिंगवर अनेक दिवस चाले. आजच्या अनेक स्मार्टफोनची बॅटरी ५,००० मिलिॲम्पिअर-तासांची असूनही त्यांना दररोज किंवा एक दिवसाआड चार्ज करावे लागते. न वापरता पडून असलेला साधा फोन आपल्यासाठी कॉल आहे का, एवढे पाहण्यापुरता ठरावीक अंतराने क्षणभर जागा होतो. स्मार्टफोनमध्ये मोठा प्रकाशमान पडदा व वेगवान प्रोसेसर असतो आणि पडदा बंद असतानाही अनेक ॲप इंटरनेटशी संपर्क ठेवतात. शिवाय साध्या फोनची बॅटरी झाकण काढून घरीच बदलता येते. बहुतेक स्मार्टफोनमध्ये ती आत बंदिस्त असते.

मराठी लेखन

एका लघुसंदेशात १४० बाइट माहिती मावते. रोमन अक्षराला ७ बिट लागत असल्याने तेवढ्या जागेत १६० अक्षरे बसतात. देवनागरीसाठी १६ बिटांची संकेतपद्धती वापरली जात असल्याने ही मर्यादा ७० वर येते. त्यातही काना, मात्रा व हलन्त हे स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजले जातात. त्यामुळे 'महाराष्ट्र' हा एकच शब्द १० चिन्हांची जागा घेतो. एका बटणावर अनेक अक्षरे असल्याने हवे ते अक्षर येईपर्यंत बटण पुन्हा पुन्हा दाबावे लागे, हा त्रास वेगळाच. परिणामी अनेकांनी रोमन लिपीत मराठी लिहिणे पसंत केले.

स्मार्टफोनवर देवनागरी कळफलक पडद्यावरच उमटतो, उच्चारानुसार लिप्यंतर होते आणि बोललेले शब्दही टंकित होतात. इंटरनेटवरील संदेशांना लांबीची अशी अडचण येत नाही. तथापि स्मार्टफोनवरून पाठवलेल्या मराठी लघुसंदेशाला ७० चिन्हांचाच हिशेब लागू होतो. मर्यादा फोनची नव्हती, सेवेची होती.

व्यवहार आणि सरकारी सेवा

२०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय सेवेचा प्रसार मुख्यतः स्मार्टफोनमुळे झाला. साध्या फोनवर *९९# या क्रमांकाची सोय होती. ८ मार्च २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने त्यासाठी 'यूपीआय १२३पे' सुरू केले. मात्र भाजीविक्रेत्याच्या गाडीवरचा क्यूआर कोड वाचायला कॅमेरा आणि ॲप लागतातच. हा फरक केवळ सोयीपुरता राहत नाही. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटासाठी कोविड लसीकरण सुरू झाले, तेव्हा कोविन संकेतस्थळावरील पूर्वनोंदणी सक्तीची होती. ओटीपी साध्या फोनवर येत असे, पण नोंदणीसाठी इंटरनेट लागे; ते नसलेल्यांना इतरांवर अवलंबून राहावे लागले. सर्वोच्च न्यायालयानेही या विषमतेकडे लक्ष वेधले. पुढे केंद्रावर थेट नोंदणीची मुभा देण्यात आली.

नेटवर्क

२०१७ मध्ये आलेल्या जिओफोनने बटणे कायम ठेवून फोरजी इंटरनेट दिले व दोहोंमधील सीमारेषा पुसट केली. जिओचे टूजी नेटवर्क नसल्याने जुने जीएसएम संच त्यावर चालत नाहीत. याउलट एअरटेलने थ्रीजी सेवा बंद केली तरी टूजी सुरू ठेवली. त्यामुळे संच सुस्थितीत असला तरी तो किती काळ वापरता येईल, हे सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या निर्णयावर ठरते.