तांत्रिक लेखक की तंत्रलेखक?

आपला कोरपना तालुका म्हणजे कापूस आणि सिमेंट. फवारणीच्या औषधाच्या बाटलीसोबत घडी घातलेलं पत्रक येतं. किती पाण्यात किती औषध, हातमोजे, विषबाधा झाली तर काय करायचं, सगळं त्यात असतं. आवारपूर-गडचांदूरच्या कारखान्यांत यंत्राला हात लावण्याआधी वीज कशी तोडायची, हेही लिहून ठेवलेलं असतं. हे लिहिणाऱ्याला इंग्रजीत ‘टेक्निकल रायटर’ म्हणतात. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. कारणं अनेक होती. पण बारीक अक्षरातलं, न कळणारं पत्रक कुणाच्या कामाचं?

मग मराठीत या माणसाला काय म्हणायचं? ‘तांत्रिक लेखक’ हे सरळ भाषांतर. पण आपल्याकडे ‘तांत्रिक’ म्हटलं की लिंबू-मिरची आठवते! शिवाय लेखक तांत्रिक नसतो, विषय तांत्रिक असतो. ‘दस्तऐवज लेखक’ म्हटलं तर तहसीलबाहेर खरेदीखत लिहून देणारा वाटतो. ‘आशय निर्माता’ फारच मोघम. त्यात व्हिडिओ करणाराही बसतो.

जुन्या मराठीने हा प्रश्न छान सोडवला होता. चिटणीस, फडणीस, वाकनीस यांतला ‘नीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’, लिहिणारा. काय लिहितो ते नावाच्या पहिल्या भागातच! चिठ्ठ्या लिहिणारा तो चिटणीस. पुढे शिवाजी महाराजांच्या १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी पदनामं संस्कृत झाली, वाकनीस ‘मंत्री’ झाला आणि सुरनीस ‘सचिव’. रुबाब वाढला, पण लिहिण्याचा उल्लेख गेला.

सरकारने नाव बदललं म्हणून लोकांची जीभ लगेच बदलत नाही, हेही लक्षात घ्या. २०२४ मध्ये तलाठ्याचं ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालं, तरी सातबारा आणायला आपण ‘तलाठ्याकडे’च जातो.

चिटणीसाच्या चालीवर ‘सूचनालेखक’ हा शब्द मला सर्वांत आवडतो, आजीलाही कळेल. पण हा माणस फक्त सूचना लिहीत नाही. इंजिनिअरला प्रश्न विचारतो, यंत्र स्वतः चालवून बघतो, आकृत्या ठरवतो. म्हणून लेखी वापराला ‘तंत्रलेखक’ बरा. नोकरीच्या अर्जात मात्र ‘टेक्निकल रायटर’ हेच लिहा, कारण जाहिरातीत तोच शब्द असतो. आणि त्याखाली एका ओळीत तुम्ही नेमकं काय लिहिलंय ते सांगा.