‘जमलं’ला इंग्रजीत काय म्हणाल?

परवा दुपारी शिरगावातल्या माझ्या घरी आमच्या इंग्रजीच्या सरावाला पेढे आले. आमच्यातलीच एकजण १७ नंबरचा फॉर्म भरून चाळिशीत दहावी पास झाली. पोळ्यांच्या ऑर्डरी, सासूबाईंचं आजारपण, सगळं सांभाळून! मी म्हटलं, “अगं, आता हेच इंग्रजीत सांग.” ती लाजत म्हणाली, “आय कुड पास.”

अर्थ समजला, पण ‘कुड’ इथे शोभत नाही. ‘कुड’ म्हणजे पूर्वी एखादी गोष्ट येत असे. लहानपणी मला पोहता यायचं, तर ‘आय कुड स्विम’. एखाद्या वेळी खटपट करून काही साधलं, तर ‘आय मॅनेज्ड टू पास’ किंवा ‘आय वॉज एबल टू पास’. ‘मॅनेज्ड’मध्ये आपली धडपडही येते. धावतपळत बदलापूर लोकल पकडली? ‘आय मॅनेज्ड टू कॅच द ट्रेन.’ मुलाखतीत ‘आय सक्सीडेड इन पासिंग’ भारदस्त वाटतं, मैत्रिणींत ‘आय पुल्ड इट ऑफ!’ आणि गंमत म्हणजे जमलं नाही, तर ‘आय कुडंट’ खुशाल चालतं!

ती पुन्हा अडखळली. मग माझ्या लक्षात आलं, घोडं व्याकरणात अडलेलंच नाही. आपण बायका म्हणतो, “जमलं बाई कसंबसं”, “पडलं एकदाचं पार”. त्यात ‘मी’ कुठे आहे? जणू काम आपलं आपणच झालं! इंग्रजीत मात्र सुरुवातच ‘आय’ने. तिला तो ‘आय’च जड जात होता.

मी तिला आनंदीबाई जोशींची आठवण करून दिली. जन्म १८६५ चा, आपल्या शेजारच्या कल्याणचा. १८८३ मध्ये बंगालमधल्या सेरामपूरला भरसभेत उभं राहून त्यांनी ‘मी अमेरिकेला का जाते’ हे इंग्रजीतून सांगितलं. वय जेमतेम अठरा! १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

ती उठली, पदर सारखा केला. “आय मॅनेज्ड टू पास,” म्हणाली. मग हळूच मराठीत, “मी पास झाले.” डोळे भरले होते तिचे, आणि आमचेही.

मैत्रिणींनो, आज तुम्ही काय जमवलंत, ते घरात एकदा ‘मी’पासून सुरुवात करून सांगा. भाषा कुठलीही चालेल!