लॉगमध्ये काय लिहावं, किती लिहावं

ऑनलाइन तिकिटाचे पैसे कापले गेले, तिकीट मात्र आलं नाही. नेमकं कुठे बिनसलं हे शोधायला प्रोग्रॅमरच्या हाती मुख्य धागा असतो तो लॉगचा. जावामधली सेवा चालता चालता नोंदी करत जाते. त्यांच्या लेव्हल ठरलेल्या: ट्रेस, डीबग, इन्फो, वॉर्न, एरर. जावाच्या स्प्रिंग बूट या फ्रेमवर्कमध्ये काहीच बदललं नाही, तर इन्फो आणि त्यावरच्या नोंदी उमटतात, त्याही फक्त कन्सोलवर. फाइल हवी तर तसं सांगावं लागतं.

सगळीकडे सरसकट डीबग लावून ठेवणं हा माझ्या मते निव्वळ आळस. डिस्क भरते आणि कामाची ओळ गर्दीत हरवते. संशय पेमेंटच्या पॅकेजवर असेल, तर तेवढ्याचीच लेव्हल डीबगवर आणावी. शिवाय प्रत्येक ओळीत विनंतीचा क्रमांक हवाच: ‘०२:१४:०७ वॉर्न, विनंती ७३१, बँकेकडून ५ सेकंदांत उत्तर नाही’. शेकडो ग्राहकांच्या सरमिसळ नोंदींतून एकाचाच प्रवास त्यामुळे वेगळा काढता येतो. पासवर्ड आणि कार्डाचे आकडे मात्र लॉगमध्ये कधीही जाऊ देऊ नयेत.

नुसती नोंद करणंही महागात पडू शकतं. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे २ या लायब्ररीतली ‘लॉगफोरशेल’ ही त्रुटी उघड झाली. कुणी चॅटमध्ये विशिष्ट मजकूर टाकला आणि तो लॉगमध्ये गेला, की लायब्ररी त्याला आज्ञा समजून परक्या सर्व्हरवरून कोड आणून चालवू शकत असे. तीव्रता १० पैकी १०! माइनक्राफ्ट या गेमचे सर्व्हरही त्यात सापडले. स्प्रिंग बूटमध्ये मुळात लॉगबॅक ही दुसरी लॉगिंग लायब्ररी असते. तिथे हा धोका होता तो लॉगबॅक काढून लॉगफोरजे २ बसवणाऱ्यांना.