नियम आणि गणित : निर्णयसिंधूपासून संगणकापर्यंत

काशी येथे इ. स. १६१२ मध्ये कमलाकर भट्ट यांनी 'निर्णयसिंधु' हा ग्रंथ पूर्ण केला. त्यांचे पणजोबा रामेश्वर भट्ट हे मूळचे पैठणचे. तेथून येऊन ते काशीस स्थायिक झाले होते. १६७४ मध्ये शिवछत्रपतींचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट हेही याच घराण्यातले. कोणते व्रत कोणत्या दिवशी करावे, याविषयीचे नियम या ग्रंथात एकत्र केलेले आहेत. संगणकशास्त्रातील एक प्रश्न समजून घेण्यास या नियमांची रचना फार उपयोगी पडते. तो प्रश्न असा : नियमांच्या आधारे तर्क करणाऱ्या यंत्राला मध्येच एखादे गणित करावे लागले, तर ते त्याने कोणत्या रीतीने करावे?

गणेश चतुर्थीचेच उदाहरण घेऊ. भाद्रपद शुद्ध चतुर्थी ज्या दिवशी मध्याह्नकाळी असेल, तो दिवस व्रतास घ्यावा, असा शास्त्राचा नियम आहे. दोन्ही दिवशी तिने मध्याह्न पूर्णपणे व्यापला असेल, किंवा एकाही दिवशी त्यास स्पर्श केला नसेल, तर पहिला दिवस घ्यावा. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाचे पाच समान भाग केले असता तिसरा भाग तो मध्याह्न. दिवस बारा तासांचा असून सूर्योदय सहा वाजता झाला, तर मध्याह्न १० वाजून ४८ मिनिटांपासून १ वाजून १२ मिनिटांपर्यंत येतो.

हा सर्व नियमांचा भाग झाला. परंतु अमुक क्षणी चतुर्थी आहे की नाही, हे नियम सांगत नाही. ते काम गणिताचे आहे. चंद्र सूर्याच्या पुढे जितके अंश गेला असेल, त्या अंतरास १२ ने भागावे. अंतर ४० अंश असेल, तर तीन तिथी पूर्ण होऊन चौथी चालू आहे, असे निघते. शास्त्री येथे क्षणभर थांबतो, गणकाला एक क्षण देतो, त्याच्याकडून एक उत्तर घेतो आणि पुन्हा आपल्या नियमाकडे वळतो.

संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याच्या पद्धतींतही असेच दोन संप्रदाय आहेत. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये आरंभिलेली 'लिस्प' ही भाषा फलनांवर उभी आहे. फलन म्हणजे दिलेल्या मूल्यापासून ठरलेले एकच उत्तर काढणारी रीत. याउलट १९७२ मध्ये फ्रान्समधील मार्सेय येथे आलॅं कॉल्मरोअर व फिलिप रुसेल यांनी तयार केलेल्या 'प्रोलॉग' भाषेत केवळ तथ्ये आणि नियम लिहावयाचे असतात. उत्तराचा शोध यंत्र स्वतः घेते. तेथे 'अमक्याचा पिता कोण?' आणि 'अमक्याची अपत्ये कोणती?' या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच संबंधातून मिळतात. पुढे तर्काची यंत्रणा एखाद्या फलनप्रधान भाषेच्या पोटातच बसविण्याची पद्धत निघाली. डॅनिएल फ्रीडमन, विल्यम बर्ड व ओलेग किसेल्योव्ह यांनी २००५ च्या आपल्या पुस्तकात 'स्कीम' भाषेच्या आत अशी रचना करून दाखविली. यजमान भाषेतील सर्व फलने तेथे हाताशी असतात; नियमातून त्यांना हाक मारता येते. मात्र त्यासाठी तीन पथ्ये पाळावी लागतात.

पहिले पथ्य असे की, हाक मारण्यापूर्वी फलनाला लागणारे मूल्य ठाऊक झालेले असले पाहिजे. नियमातील चलाला अद्याप मूल्य नसले, तरी तर्काचे काम पुढे सरकू शकते. फलनाचे सरकत नाही. 'या क्षणी तिथी कोणती?' हे गणक सांगेल, पण 'चौथी तिथी कोणत्या क्षणी?' असे त्याच फलनाला उलट विचारता येत नाही. उपाय एकच : आधी संभाव्य दिवस एकामागून एक पुढे ठेवावे आणि मग प्रत्येकाची परीक्षा गणिताने करावी. म्हणून अशा नियमात कलमांचा क्रम महत्त्वाचा ठरतो.

दुसरे पथ्य : फलनाने उत्तर द्यावे, त्याहून अधिक काही करू नये. तर्कयंत्र एक वाट चुकली की मागे येऊन दुसरी धरते. सोडलेल्या वाटेवर फलनाने एखादी तारीख छापून टाकली असेल किंवा नोंदवहीतील आकडा वाढविला असेल, तर ते यंत्राला पुसता येत नाही.

तिसरे पथ्य अधिक सूक्ष्म आहे. फलन एकच उत्तर देते. संबंधाला उत्तरे शून्यही असू शकतात आणि अनेकही. सरासरी तिथी सुमारे २३ तास ३७ मिनिटांची असते. पण ती कधी १९ तासांच्या आसपास, तर कधी २६ तासांहून मोठी होते. त्यामुळे क्षयतिथीच्या वाट्यास एकही सूर्योदय येत नाही, वृद्धितिथीच्या वाट्यास दोन येतात. 'चतुर्थीचा सूर्योदय कोणता?' हे काम फलनावर सोपविले, तर केव्हातरी घोटाळा होणारच. एका क्षणाचे अंतर काढणे फलनाकडे असावे, दिवसाची निवड नियमाकडे.

ही विभागणी पाळल्याचा लाभ काशीच्याच इतिहासात दिसतो. १८२१ मध्ये जन्मलेले महाराष्ट्रीय ज्योतिषी बापूदेव शास्त्री हे तेथील संस्कृत महाविद्यालयात अध्यापक होते. त्यांनी केलेले सूर्यसिद्धांताचे इंग्रजी भाषांतर १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले. तरीही त्यांनी स्वतःचे पंचांग प्रत्यक्ष वेधांशी जुळणाऱ्या अर्वाचीन गणितावर बसविले. गणित बदलले, व्रतनिर्णयाचे नियम होते तेथेच राहिले.

पंचांगांतील मतभेदाचे मूळही यावरून शोधता येते. समजा, एका गणिताने चतुर्थी दुपारी १.३० ला लागून दुसऱ्या दिवशी सकाळी ११.३० ला संपते; दुसऱ्या गणिताने ती १२.४५ ला लागून १०.४० ला संपते. वर सांगितलेला मध्याह्न धरला, तर पहिल्या गणिताने व्रत दुसऱ्या दिवशी येते, दुसऱ्याने पहिल्या दिवशी. नियम एकच, तासाभराच्या आतल्या फरकाने सण बदलला. अशा वेळी शास्त्रार्थावर वाद घालून काहीच निष्पन्न होणार नाही. गणित तपासले पाहिजे. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीने गणिताच्या अचूकपणावर भर दिला, याचे महत्त्व येथे ध्यानात येते.

नियम आणि गणित एकमेकांत कालवून लिहिलेल्या आज्ञावलीत चूक कोठे आहे, हे कळण्यास मार्ग उरत नाही. ती वेगळी ठेवली, तर प्रत्येकाची परीक्षा स्वतंत्रपणे घेता येते. विद्यार्थ्यांनी दोन निरनिराळ्या पद्धतींची पंचांगे घेऊन एका महिन्यातील तिथींच्या समाप्तीच्या वेळा शेजारी शेजारी मांडाव्या, आणि एखाद्या सणाचा नियम दोन्हींस लावून पाहावा. फरक पडला, तर तो कोणत्या पायरीवर पडला, हे त्यांना स्वतःच सांगता येईल.