मौजे कुसगाव, पण कोणते?

मराठ्यांना कुणबी दाखले देण्याची पद्धत ठरवायला 2023 च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. आधी मराठवाड्यापुरते असलेले तिचे काम पुढे राज्यभर पसरले आणि कुणबी नोंदींसाठी ठिकठिकाणचे जुने दप्तर उघडले गेले. कोतवाल बुकांतल्या, म्हणजे गाव नमुना 14 मधल्या, जन्म-मृत्यूच्या नोंदींना एकदम मोल आले. पण जुन्या नोंदी मोडीत, आणि घरात मोडी वाचणारे कोणी उरलेले नाही.

मोडीत माणसाचे नाव त्या मानाने लवकर लागते. रामा, सखाराम, बाळा ही नावे पुन्हा पुन्हा येतात, डोळा सरावतो. अडते ते गावापाशी. लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढून घेई आणि बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे गुंफत जाई. शब्द तुटत नाहीत, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि अनुस्वार तर सर्रास गळतो. मग आंबळ्याचे ‘आबळे’ होते, नवलाख उंब्र्याचे ‘नवलाख उब्रे’. त्यातच संक्षेप: ‘मौ॥’ म्हणजे मौजे, ‘त॥’ म्हणजे तर्फ (काही गावांचा महसुली गट), ‘बु॥’ म्हणजे बुद्रुक, ‘खु॥’ म्हणजे खुर्द. नवखा वाचक हीच अक्षरे गावाच्या नावाला जोडून टाकतो आणि नकाशात कुठेच नसलेले गाव जन्माला येते.

मावळात ही अडचण दुप्पट आहे. आंद्रेकाठचा अंदर मावळ, इंद्रायणीकाठचा नाणे मावळ आणि पवनेकाठचा पवन मावळ या तीन खोऱ्यांत नावे पुन्हा पुन्हा येतात. कांब्रे अंदर मावळातही आहे आणि नाणे मावळातही. पाले नाणे मावळात आणि पवन मावळात. टाकवे बुद्रुक आणि खुर्द. कुसगाव तर बुद्रुक, खुर्द आणि पवन मावळातले, असे तीन. नाव अचूक वाचूनही घराणे भलत्याच खोऱ्यात जाऊन पडू शकते.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की पणजोबांच्या नावाआधी खोरे पक्के करा. पानाच्या माथ्यावर तर्फ असेल तर निम्मे काम झाले. नसेल तर शेजार पाहा. महजरात, म्हणजे जुन्या निवाडपत्रात, आणि जमिनीच्या कागदात चारी दिशांच्या हद्दी सांगितलेल्या असतात. हद्दीला डोंगरगाव, वलवण आले, तर कुसगाव लोणावळ्याजवळचे. साक्षीदारांची गावेही असाच पत्ता देतात. पाटलाची खूण म्हणजे नांगर. तो जिथे काढलेला आहे, त्याच्या शेजारी बहुधा त्याच्या गावाचे नाव असते. तरीही अक्षर लागले नाही, तर त्याच हाताने लिहिलेला, आपल्याला नक्की ठाऊक असलेला शब्द त्याच पानावर शोधावा आणि वळण ताडून पाहावे. त्यासाठी फोटो काढताना आपल्या ओळीपुरता काढू नये, पूर्ण पान घ्यावे.

इंग्रजी कागदांचा घोळ वेगळाच. 1779 च्या वडगावच्या तहाला इंग्रज ग्रंथकारांनी ‘वरगाम’ केले, लोणावळ्याचे ‘लानौली’. अशा ठिकाणी लिहिलेले नाव मोठ्याने म्हणून पाहिले की गाव बरेचदा सापडते.

या प्रदेशातल्या स्थळनावांचा लेखी माग किती मागे जातो, हे कार्ल्याच्या लेण्यांत दिसते. तिथल्या ब्राह्मी लेखांत ‘मामाल’ आहे, तोच मावळ. नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंना दिलेल्या करजिक गावाचेही नाव तिथे कोरलेले आहे.

मोडीच्या अफाट ढिगाऱ्यातून वाट काढणारा माणूसही मावळातच राहत होता. रियासतकार गो. स. सरदेसाई निवृत्तीनंतर कामशेतला स्थायिक झाले आणि 1959 मध्ये तिथेच वारले. पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे 45 खंड त्यांनी संपादित केले. ते दफ्तर आज पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे, आणि 1910 मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्गही चालतात.

काही गावे मात्र नाव लागूनही आज जागेवर सापडत नाहीत. 1972 साली पूर्ण झालेल्या पवना धरणाने पवन मावळातली वस्ती उठवली. अशा घरांनी नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे जरूर जावे. त्यांच्या वह्यांत यजमानांची नावे गावागावाने लावलेली असतात, आणि आजोबा-पणजोबांनी तिथे स्वतःच्या तोंडाने सांगितलेले गाव उपाध्यायांनी त्यांच्या पिढ्यांसह टिपून ठेवलेले असते.