कठौंद्याच्या भट्टीपर्यंत

जबलपूरला ‘संस्कारधानी’ हे नाव विनोबांनी दिले असे तिथे अभिमानाने सांगतात. या संस्कारधानीचा कचरा मात्र वर्षानुवर्षे रानीतालच्या उकिरड्यावर पडत होता. त्यात जबलपूरचे वेगळे असे काही नव्हते. अल्मित्रा पटेल यांच्या सर्वोच्च न्यायालयातील याचिकेच्या रेट्याने २००० साली घनकचऱ्याचे देशव्यापी नियम आले आणि २००३ अखेरपर्यंत प्रत्येक नगरसंस्थेने प्रक्रियेची सोय करावी असे ठरले. मुदत आली नि गेली. बहुतेक गावांनी उकिरड्याला डम्पिंग ग्राउंड म्हणायला सुरुवात केली, एवढाच काय तो फरक.

जबलपूरची खरी अडचण नकाशात आहे. शहर एकच दिसते, पण त्याचे धनी अनेक. महानगरपालिकेला खेटून छावणी परिषद, ती संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत. १९०४ पासूनची गन कॅरेज फॅक्टरी, खमरियाची आयुध निर्माणी, वाहन निर्माणी आणि त्या प्रत्येकीच्या वसाहती. रेल्वेच्या वसाहती निराळ्याच. शहराबाहेर पडले की पनागर, बरेला, सिहोरा अशी छोटी गावे, आणि धबधब्यापायी सगळ्या देशाला ठाऊक झालेले भेडाघाट. भेडाघाटची लोकवस्ती जेमतेम काही हजारांची, पण नगर परिषदेला झाडावा लागतो तो पर्यटकांचा कचरा: बाटल्या, द्रोण, निर्माल्य, नारळाच्या शेंड्या. त्या वस्तीच्या घरपट्टीत हे भागायचे कसे? परियट आणि गौर नद्यांच्या काठचे गोठे शहराला दूध पुरवतात, आणि त्यांचे शेण नदीत जाते. दूध पिणारे महापालिकेच्या हद्दीत, शेण मात्र हद्दीबाहेर. इतक्या वाटण्या असताना महापालिकेने एकटीने कचऱ्याची योजना आखणे म्हणजे वाड्यातल्या एकाच बिऱ्हाडाने पागोळ्या अडवण्यासारखे आहे.

मध्य प्रदेश सरकारला हे उमगले, याचे श्रेय द्यायला हवे. राज्यातल्या ३७८ नगरसंस्थांचे २६ समूह आखायचे आणि प्रत्येक समूहासाठी मिळून प्रक्रिया व भरावभूमी उभारायची, असा आराखडा गेल्या दशकात तयार झाला. एप्रिल २०१६ च्या केंद्रीय नियमांनीही तीच दिशा धरली: पन्नास किलोमीटर किंवा त्याहून लांबच्या टापूतल्या गावांनी खर्च वाटून घेऊन एकच प्रादेशिक भरावभूमी वापरावी. त्याच वर्षी जबलपूरच्या कठौंद्यात कचऱ्यापासून वीज करणारा प्रकल्प सुरू झाला. रोज ६०० टन कचरा जाळून सुमारे साडेअकरा मेगावॅट वीज, भट्टी हिताची झोसेनच्या तंत्राची, उभारणी एस्सेल समूहाची.

इथे थोडा हिशेब मांडतो. २०११ च्या जनगणनेत महापालिकेची लोकसंख्या साडेदहा लाख होती. माणशी रोज साडेचारशे ग्रॅम धरले तर पावणेपाचशे टन होतात. त्यातला निम्म्याहून अधिक ओला: भाजीची देठे, सालपटे, उष्टे. असला कचरा पेटायला आधी वाळावा लागतो. किलोमागे १५०० किलोकॅलरी किंवा त्याहून जास्त उष्मांक असलेला आणि पुनर्वापर न होणारा कचरा भरावात न टाकता ऊर्जेसाठी वापरावा, असे २०१६ च्या नियमांत म्हटले होते. म्हणजे खरे इंधन आणखी कमी. भट्टीची भूक शहराच्या ताटापेक्षा मोठी होती. शेजारच्या गावांचा कचरा आणणे हे मग शेजारधर्माइतकेच भट्टीच्या गरजेचे काम झाले, आणि सहकार्याची दिशा तिथेच वळली. जी भट्टी टनांवर चालते, तिला कचरा कमी होण्यात रस कसा असेल?

त्यात २०१९ पासून एस्सेल समूह कर्जाच्या फेऱ्यात सापडला. अख्ख्या टापूचा कचरा एकाच कंपनीच्या खांद्यावर ठेवला की त्या कंपनीचा ताळेबंद हाही नगरपालिकेचा विषय होऊन बसतो. समूह आखणाऱ्यांनी त्याची किती तजवीज केली होती, असे विचारावेसे वाटते.

याच राज्यातले इंदूर दुसऱ्या वाटेने गेले. घराच्या दारातच ओला-सुका वेगळा करण्याची सवय आधी लावली, मग २०२२ मध्ये ओल्या कचऱ्यापासून रोज ५५० टन क्षमतेचा बायो-सीएनजी प्रकल्प आला. आधी सवय, मग यंत्र. गोव्यातल्या साळगावचा प्रकल्पही कठौंद्याच्याच वर्षीचा, २०१६ चा. उत्तर गोव्याच्या किनारपट्टीतल्या पंचायतींसाठी तो बांधला गेला, आणि तिथला ओला कचरा जाळत नाहीत, त्याचा बायोगॅस करतात. समूह लहान असला तरी चालतो, हे साळगावकडून शिकण्यासारखे आहे.

माझ्या मते जबलपूर टापूत चूक एकत्र येण्यात नव्हती. चूक ही, की समूह भोपाळमध्ये आखले गेले, गावांनी आपणहून बांधले नाहीत. छोट्या नगर परिषदांकडे कचरा पुरवणारे म्हणून पाहिले गेले, भागीदार म्हणून नाही. भेडाघाटचे निर्माल्य आणि फळांची साले तिथेच खतात जिरली असती, गोठ्यांचे शेण गॅसच्या टाकीत गेले असते, तर कठौंद्यापर्यंत न्यायला उरला असता तो कोरडा, पेटणारा कचरा. गाड्यांच्या फेऱ्या घटल्या असत्या, डिझेल वाचले असते, भट्टीलाही चांगला माल मिळाला असता.

कठौंद्याची क्षमता वाढवायचा प्रस्ताव कधी निघाला, तर त्याआधी महापालिका, छावणी परिषद, निर्माण्यांच्या वसाहती, भेडाघाट, पनागर आणि परियटकाठच्या ग्रामपंचायती यांची एक बैठक घ्यावी, आणि तिथे खर्चाच्या वाट्याबरोबर प्रत्येकाला मतही द्यावे.